चावी माझ्या खिशात होती

दादाच्या पायात साखळी घातली तेव्हा कुलूप मी लावलं.

हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढं शब्दांचे पडदे लावत बसेन. साखळी म्हशीची होती, दुसऱ्या आळीतून मागून आणलेली, कारण आमच्याकडं म्हैस कुठली. कुलूप मी बाजारातून घेतलं. चावी माझ्या खिशात. आणि त्याच आठवड्यात १४ एप्रिलला तालुक्याच्या गावी मी कविता म्हटली. कविता साखळदंडांवर होती. टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. म्हणता म्हणता हात खिशात गेला आणि चावी बोटांना लागली. मी हात बाहेर काढला आणि उरलेल्या ओळी म्हणून टाकल्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ट्रॅक्टरमध्ये बसून ऊस तोडायला जाते. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. मी दहावी नापास झाल्यावर दोन हंगाम मोळ्या बांधल्या, मग कोल्हापूरकडच्या फडातूनच इचलकरंजीला पळालो. तिथं सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. तुटलेले धागे सांधायचे, आठ तास. जे काही वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर. दादा मात्र फडातच राहिला. मी पळालो म्हणून माझ्या वाटणीची उचलही त्याच्याच अंगावर पडली. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

आजार फडातच सुरू झाला. रात्री कोपीत झोपलेला उठून बसायचा. म्हणायचा, "उसातून मुकादम बोलतोय. आकडा वाढवत चाललाय." पहिल्यांदा सगळे हसले. कारण मुकादम आकडा खरंच वाढवत होता. मग तो जेवण टाकायला लागला, भाकरीत काहीतरी घातलंय म्हणून. मग कोयता घेऊन रात्रभर कोपीच्या दारात उभा. वयनी लेकराला घेऊन दुसऱ्या कोपीत झोपायची.

हंगाम अर्धा टाकून माणसं गावी आली. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, बाजूला बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. त्या भिंतीखाली बसून माय म्हणाली, "देवऋषाकडं न्यावं लागतंय." मी तोंड उघडलं तर म्हणाली, "तुज्याकडं दुसरं काय आसंल तर सांग, म्या तिकडं नेते." माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. माझ्याकडं भाषण होतं.

देवऋषानं दादाला गोणपाटावर बसवलं, लांबूनच अंगारा फेकला आणि लांब छडीनं पाठीवर मारलं. भूत काढतो म्हणून मारहाण करणं हा या राज्यात २०१३ सालापासून गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला. मला तो माहीत होता. मी दोन हात लांब उभा होतो. छडी लांब का, हे मात्र मला कुठल्या कायद्यानं शिकवावं लागलं नाही.

साखळी का घातली? दोनदा तो रात्रीचा निघून गेला, एकदा विहिरीच्या काठावर सापडला. मायला खुरपायला जायचं, वयनीला जायचं, मला गिरणीत हजर व्हायचं. त्याच्याजवळ बसायला कुणाला परवडत नव्हतं. म्हणून म्हशीची साखळी.

कुलूप काढायला लावलं ते आशाताईनं. गावातलीच, दुसऱ्या आळीतली बाई. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प निघाला, तेव्हा तिला घरोघर जाऊन झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, असे प्रश्न विचारायला शिकवलं होतं. आता सांगायचं तर आमच्या वस्तीत सातबारा कुणाकडं आहे? भूमिहीन मजूर जीव देतो तेव्हा शेतकऱ्याच्या घराला मिळणारी एक लाखाची मदतही त्याच्या घराला लागू होत नाही. आमचं मरणसुद्धा सातबाऱ्याविना नापास. पण ताईनं तेव्हा आमच्या उंबऱ्यावर बसून प्रश्न विचारले होते. साखळी बघून ती एवढंच म्हणाली, "कायद्यानं बंदी हाय ह्याला. पर कायदा ऱ्हाऊंदी. मंगळवारी जिल्ह्याला डॉक्टर बसतो. म्या येते संगं."

कायदा मी नंतर वाचला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. कलम ९५ प्रमाणं मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधता येत नाही. कलम १८ प्रमाणं उपचार हा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तो फुकट मिळाला पाहिजे. एरवाडीबद्दलही वाचलं. तमिळनाडूत ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तिथल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले. पळता आलं नाही, २८ माणसं गेली. वाचताना मी चाव्यांचा विचार करत होतो. कुणाच्या तरी खिशात असतीलच की.

डॉक्टरनं आजाराचं नाव लिहिलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या दिल्या. महिना व्हायच्या आत एका सकाळी दादा म्हणाला, "माय, कालची भाकर हाय का?" एवढंच. आमच्या घरात त्या दिवशी सण झाला. साखळी ज्याची त्याला परत केली.

गोष्ट इथं संपली असती तर लिहिलीच नसती.

त्या गोळीनं काहींचं अंग ताठतं, हात थरथरतात, लाळ गळते. त्यावर दुसरी गोळी असते, स्वस्तातली. पहिली सरकारी दवाखान्यात मिळाली, दुसरी "शिल्लक नाही, बाहेरून घ्या". बाहेरून घेणारे कोण? दादा लाकडासारखा चालायला लागला. वस्ती म्हणाली, करणी परतली. त्यानं गोळ्या टाकून दिल्या. पुढं दिवाळी आली, ट्रॅक्टर आला. केसपेपर बीड जिल्ह्याचा, माणूस पाच महिने कोल्हापूर जिल्ह्यात, उसात. गोळी महिन्याची आणि हंगाम पाच महिन्यांचा, हा हिशोब आमच्याशिवाय कुणी मांडायला पाहिजे होता? पुन्हा उसातून मुकादम बोलायला लागला.

ही काही आमच्या एका घराची गोष्ट नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं की मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या ७० ते ९२ जणांना, ज्याच्या-त्याच्या आजाराप्रमाणं, उपचारच मिळत नाहीत. आणि काय करायला पाहिजे हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात ऐंशीच्या दशकातच बंगळूरच्या निम्हान्सनं दाखवून दिलं होतं की प्राथमिक आरोग्य केंद्रातला साधा डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी शिकवले तर हे आजार गावात सांभाळता येतात. त्यावरूनच १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आपल्या अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचं काम झालं. ३० गावं, गावातलीच माणसं शिकवून घरोघर पाठवली. दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणारे शंभरात चार होते ते सत्तावीस झाले, आत्महत्येचे विचार येणारे निम्म्यावर आले. म्हणजे वाट आहे. आमच्या फाट्यापर्यंत येत नाही एवढंच.

आता आपल्या लोकांबद्दल. कडू लागेल, पण हे आपल्यासाठीच लिहितोय.

अभ्यासवर्गात मी दादाचं सांगितलं. एक जण म्हणाला, वेड हे या व्यवस्थेचं अपत्य आहे, व्यवस्था बदलली की जाईल. दुसरा हसून म्हणाला, आपण सगळेच वेडे. मित्रांनो, उचल, खाडा, छडीची लांबी, हे सगळं दादाच्या डोक्यात शिरलंय, मला कुणी शिकवायला नको. त्याच्या भासातसुद्धा देव बोलत नाही, मुकादम बोलतो. पण त्याला गोळी लागते, हेही तेवढंच खरं. क्रांती येईपर्यंत त्याला झोप नको? डॉक्टर म्हणतो मेंदूचा रोग, तुम्ही म्हणता समाजाचा रोग. दोघंही आपापल्या खुर्चीवरून बरोबर आहात. आणि दादाचं एसटीचं भाडं कुणी द्यायचं यावर दोघंही गप्प आहात.

विहारातलं सांगतो. वर्षावासात एक ताई पटाचारेची कथा वाचत होत्या. नवरा, पोरं, आई-बाप, सगळे एका फेऱ्यात गेले आणि बाई वेडी झाली, अंगावर कपडा राहिला नाही. लोक ढेकळं मारत होते, भगवंतांपर्यंत जाऊ देत नव्हते. भगवंतांनी तिला येऊ दिलं, कुणीतरी अंगावरचं वस्त्र दिलं. पुढं ती थोर भिक्खुणी झाली. वाचताना ताईंचा आवाज भरून आला, बायकांनी डोळ्याला पदर लावले. दादा बाहेर पायरीवर होता, चपलांजवळ. वंदना चालू असताना बडबडतो म्हणून त्याला बाहेर बसवलं होतं. बसवणाऱ्यांत मी होतो. त्या दिवशी मी मध्येच उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "आत जा, तुला कविता लागंल लिव्हायला." त्याला सगळं कळतं.

त्यानंतर आम्ही तिघांनी काम सुरू केलं. फार मोठं नाही. एक वही आहे. वस्तीत आणि आजूबाजूच्या तीन गावांत अशी सात माणसं निघाली, दोन तर घराच्या मागच्या खोलीत. कुणाची तारीख कधी, गोळ्या कधी संपतात, ते वहीत. मंगळवारी एक जण खाडा करून सोबत जातो. गोळी शिल्लक नाही म्हणाले की तोंडी ऐकून परत यायचं नाही, लिहून मागायचं. लिहून मागितलं की पुष्कळदा गोळी सापडते, हा अनुभव. ट्रॅक्टर निघायच्या आधी डॉक्टरकडून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी घ्यायची. पहिल्यांदा डॉक्टर नाही म्हणाले, तिसऱ्यांदा दिली. गोळ्या टाकणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, तेही आम्हाला चौथ्या फेरीत कळलं. दादाला आता ते देतात, ताठरपणावरची गोळीही चालू आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२ सालापासून आहे, फोन फुकट, मराठीत बोलतात. वयनीनं एकदा कोपीतून लावला होता. तिचं तिनं बोलून घेतलं, अर्धा तास. तिला कुणी विचारलंच नव्हतं, अगदी मीसुद्धा.

आमच्यातला एक जण कंटाळून गेला. म्हणाला, ही समाजसेवा झाली, चळवळ नाही. त्याला अडवलं नाही. पण तालुक्याच्या मोर्च्यात मागण्यांचा कागद करताना मी गायरानाच्या खाली हेही लिहिलं, की दोन्ही गोळ्या केंद्रात बारा महिने पाहिजेत आणि एका जिल्ह्याचा केसपेपर दुसऱ्या जिल्ह्यात चालला पाहिजे. कागद टाइप होऊन आला तेव्हा ती ओळ गळली होती. पुढच्या वेळी टाइप करताना मी शेजारी बसणार आहे.

दादा बरा आहे का, असं विचारतात. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. म्हणतो, मुकादम आता लांबून बोलतो, शब्द नीट लागत नाहीत. यंदा तो फडावर गेला नाही, गावात शेळ्या राखतो. वयनी एकटी गेली, अर्धा कोयता म्हणून, आणि उचल अजून फिटलेली नाही.

या मंगळवारी सोबत जायची पाळी माझी आहे. इचलकरंजीहून रात्रीची गाडी धरायची. जॉबरला सांगितलं, भावाला दवाखान्यात न्यायचंय. त्यानं विचारलं, काय झालंय? आधी मी टायफॉइड सांगायचो. या वेळी खरं सांगितलं. तो थोडा वेळ मशीनकडं बघत राहिला, मग म्हणाला, "माझ्या बहिणीला पण असंच काहीतरी आहे. तो नंबर काय म्हणालास?"