एका गीताचा भागीदार

इक्वेडोरची राजधानी कितो मागे टाकून वायव्येकडे निघाले, की अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारांवर पावसाचे राज्य सुरू होते. शेवटची चढण पायी किंवा खेचराच्या पाठीवरून करावी लागते. तेथे, इम्बाबुरा प्रांतात, लोस सेद्रोस हे मेघारण्य आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग येथील वृक्षांतच विसावतात आणि फांद्यांवरून पाणी ठिबकत राहते. एकेका वृक्षावर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड यांचा संसार थाटलेला असतो. अत्यंत दुर्मिळ झालेला तपकिरी डोक्याचा कोळी-वानर आणि अँडीजचे अस्वल यांचे हे निवासस्थान.

या भूमीखालील तांबे व सोने अरण्याच्या मुळावर आले. २०१७ साली सरकारी खाण कंपनीला येथे शोधकार्याचे परवाने मिळाले. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेने निसर्गालाच हक्क दिले आहेत. त्यांचा आधार घेऊन कोताकाची येथील स्थानिक शासन न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अरण्याच्या बाजूने कौल दिला आणि खाणकामाची वाट बंद झाली.

पुढील वर्षी चार जण या अरण्यात आले : लेखक रॉबर्ट मॅकफार्लेन, संगीतकार कॉस्मो शेल्ड्रेक, कवकतज्ज्ञ जुलियाना फुर्ची आणि विधिज्ञ सेसार रॉद्रिगेझ-गाराविटो. तेथे त्यांनी एक गीत रचले. वटवाघळांचे व वानरांचे आवाज, पानांची सळसळ यांचे ध्वनिमुद्रण करून तेच त्या संगीतात गुंफले. ‘साँग ऑफ द सीडर्स’ हे गीत २०२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा रचनाकारांनी इक्वेडोरच्या स्वामित्वहक्क कार्यालयाकडे एक अपूर्व मागणी केली : या गीताचा सहनिर्माता म्हणून लोस सेद्रोस अरण्याचे नाव नोंदवावे.

कायद्याच्या चौकटीत ही मागणी चमत्कारिक वाटेल. व्यापारी घराण्यांना मात्र तिचे तत्त्व चटकन उमगावे. ज्याचे भांडवल धंद्यात गुंतले, त्याचे नाव भागीदारीपत्रात येते. या गीतात स्वरांचे भांडवल अरण्याचे होते. खाणीच्या हिशेबात तेच अरण्य केवळ वर काढून टाकायचा थर होते.

वनस्पतीही जीव आहे, तिला स्पर्शाचे इंद्रिय आहे, हे जैन कुटुंबातील बालकाला पाठशाळेतच शिकवले जाते. हिरवी भाजी वर्ज्य करणारे आणि पाणी गाळून पिणारे घर त्या शिकवणीवरच चालते. परंतु दुकानाच्या वहीत लाकूड, कागद, पाणी ही सारी खर्चाच्या बाजूला मालाच्या किमतीने पडतात. ज्या जीवांकडून ती आली, त्यांचे खाते कोणी उघडत नाही. दिवाळीला वहीपूजन करून पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिताना त्या अबोल भागीदाराची आठवण व्हावी, एवढे तरी त्या दूरच्या अरण्याचे आपल्याकडे मागणे आहे.