बाजूची दोन चाके
आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून बाहेर पडू लागलेली बजाज चेतक पुण्यातील कितीतरी घरांची जणू सदस्यच होती. अवघे कुटुंब तिच्यावर मावे. परंतु तिची रचना धडधाकट पायांसाठी होती. गिअर आणि क्लच डाव्या हाताशी, मात्र मागचा ब्रेक व किक उजव्या पायाशी. २०१४मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. आमच्या धाकट्या भावाचा उजवा पाय त्या रोगाने फार पूर्वीच नेला होता.

एक जुनी चेतक घेऊन आम्ही पडवीतच कामाला लागलो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके जोडली, ब्रेकची केबल हँडलपर्यंत आणली, किकसाठी हाताने ओढायचा दांडा बसविला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनात मनमानी फेरफार करता येत नाहीत, म्हणून आर.टी.ओ.कडून रीतसर तपासणी व नोंद करून घेतली.

अशी गाडी वळणावर कलत नाही. वळण संथपणेच घ्यावे लागते. भावाने हे तंत्र लवकरच आत्मसात केले. पूर्वी त्याचे जाणे-येणे आमच्या सवडीवर अवलंबून असे. आता कोठे जायचे, केव्हा परतायचे, हे तोच ठरवितो. कधी उशीर झाला, तर आम्ही दाराशी वाट पाहत बसतो आणि त्या काळजीतही मनोमन सुखावतो.