भिंतींआडचें शेत

आमची शाहूपुरी म्हणजे व्यापाराची पेठ. श्रीशाहूछत्रपतींनीं १८९५ सालीं गुळाच्या व्यापारासाठीं ती वसविली. येथील मुलांस गूळ ठाऊक असतो. उसाचें शेत पाहण्यास मात्र गांवाबाहेर जावें लागतें. म्हणून शेत घरांतच आणतां येतें असें ऐकतांच आमच्या वर्गांत मोठें कुतूहल उत्पन्न झालें.

ही कल्पना १९९९ सालीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिअर ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह मांडली. फडताळाच्या खणांप्रमाणें वाफे एकावर एक रचावयाचे. मातीऐवजीं क्षारयुक्त पाणी आणि सूर्याऐवजीं विजेचे दिवे. तेंच पाणी पुनःपुन्हा वापरतां येतें व पाऊस चुकला तरी पीक चुकत नाहीं.

“मग शेतकऱ्याचें काम काय?” असें एका मुलानें विचारिलें. खेड्यांतून येणारीं मुलें तेव्हां गप्प राहिलीं. त्यांचें तें मौन आम्हांस अस्वस्थ करून गेलें.

विजेला दाम पडतो. त्यामुळें अशा शेतांत बहुधा कोंवळा भाजीपालाच काढतात. ज्वारी-गहूं पिकविणें परवडत नाहीं. न्यूयॉर्कची बोअरी ही अशी शेती करणारी कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्यें बंद पडली. भाकरी अद्यापि उन्हांत राबणाऱ्या शेतकऱ्याच्याच हातून येते, हें त्या मुलांनीं अभिमानानें सांगावें.

मग शहरवासीयांनीं कांहींच पिकवूं नये काय? कोल्हापुरांत राहिलेले कै. श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करून, पांच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमीन पुरेल, असें त्यांनीं प्रतिपादिलें. जमीन नसल्यास पालापाचोळा कुजवून गच्चीवर पीक घेण्याची रीतही त्यांनीं दाखविली. तिच्याच आधारें मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ सालीं बाग सुरू झाली. स्वयंपाकघरांतील टाकाऊ भाजीपाल्याचें तेथें खत होऊं लागलें.

परमेश्वराचें ऊन शाहूपुरीच्या गच्च्यांवरही पडतें. पालकांस आमची विनंति कीं, त्यांनीं गच्चीचा एक कोपरा व एक जुनी बादली मुलांच्या स्वाधीन करावी. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. मूठभर भाजीसाठीं रोज पाणी घालावें लागलें म्हणजे, ताटांतील भाकरीमागें केवढे श्रम असतात, हें मुलांस आपोआप उमगेल.