वहाणेचा मुलूख

संस्कृतीचा अभ्यास माथ्याकडून सुरू करावा अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. पागोटे, मुकुट, टिळा यांविषयी जितके लिहिले गेले, त्याच्या पासंगाला पुरेल इतकेही पायांतल्या वहाणेविषयी लिहिले गेलेले नाही. वहाण ही क्षुद्र वस्तू आहे, हे याचे कारण नव्हे. खरे कारण भाषेतच सापडते. 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' वरून आला. म्हणजे त्याचे कूळ जुने आणि प्रतिष्ठित आहे. तरीही मराठीत पादत्राणांचा उल्लेख प्राधान्याने अपमानासाठी होतो. जोडे मारले जातात, चपलांचा हार घातला जातो, आणि कुणाला त्याची पायरी दाखवायची झाली की पायातली वहाण पायातच बरी असे म्हटले जाते. याच भाषेत 'पादुका' हा शब्द मात्र पालखीत बसतो आणि आळंदीहून, देहूहून पंढरीला जातो. पायांना जे वंदन आहे ते पादुकांना लाभते. पाय राखण्याचे जे कष्ट आहेत ते वहाणेच्या वाट्याला येतात.

ही विसंगती २०२५ साली अकस्मात जगासमोर आली. त्या वर्षीच्या जून महिन्यात मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे जे प्रदर्शन मांडले, त्यात कोल्हापुरी चपलेशी उघड साम्य असलेली पादत्राणे होती. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात गदारोळ उठला. कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले, जुलैत तिची माणसे कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोत जवळजवळ हेच नाट्य घडले. आदिदास या कंपनीने विली चावारिया या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन रचनाकाराबरोबर काढलेले एक पादत्राण वाहाका राज्यातील यालालाग या सापोतेक गावाच्या 'वाराचे' वरून बेतलेले होते. कंपनीच्या प्रतिनिधींनी त्या गावी जाऊन जाहीर क्षमा मागितली.

तुलनाकाराला असे योगायोग मोहात पाडतात. 'वाराचे' हा शब्द पुरेपेचा या आदिवासी भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. चामड्याच्या विणलेल्या पट्ट्यांचे ते पायतण शेतकऱ्याचे. विसाव्या शतकात त्याला मोटारीच्या जुन्या टायरचा तळ आला. मिचोआकानमधील 'म्हाताऱ्यांच्या नृत्यात' नर्तक लाकडी तळाचे वाराचे घालून जमिनीवर ठेका धरतात. आपल्याकडे कोल्हापुरीची करकर ऐकवत चालणारा गडी जत्रेत उठून दिसतो, त्याचेच हे दुसरे रूप म्हणावे. वाहाका येथे जुलैतल्या सोमवारी होणाऱ्या 'गेलागेत्सा' या उत्सवात प्रत्येक गाव आपापल्या वेषात, आपापल्या पादत्राणांत नाचते. तथापि त्याच देशात 'वाराचुदो', म्हणजे वाराचे घालणारा, ही गावंढळासाठीची शिवी आहे. मिरवावे तेही वाराचे, हिणवावे तेही वाराचे. येथवर साम्य पुरे झाले. यापुढे फरक सुरू होतो, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात माझा सध्या मुक्काम आहे. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक वृद्ध चर्मकार बसतात. माझ्या चपलेचा अंगठा उसवला म्हणून ती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती उलटून पाहिली आणि विचारले, "इदु अथणिदु अल्वा, सर?" ही अथणीचीच ना? मी कोल्हापुरी म्हणून घेतलेली ही चप्पल. ते हसले नाहीत, वादही घातला नाही. वेणीवरून बोट फिरवून त्यांनी एवढेच सांगितले की असे काम अथणीकडचे.

त्यांचे म्हणणे नाकारता येण्यासारखे नाही. बेळगाव जिल्ह्यातील अथणी, निपाणी या भागांत पिढ्यान् पिढ्या ही चप्पल होत आली आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ज्या सीमेसाठी ही दोन राज्ये १९५६ पासून भांडत आहेत, आणि जिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्या सीमेच्या दोन्ही अंगांना चपलेने आपला एकच मुलूख राखला. 'आमची कोल्हापुरी' असे मिलानला बजावणाऱ्या मराठी मनाने हे ध्यानात घेतले पाहिजे, की या नावाआड कन्नड बोलणारे हातही झाकले गेले आहेत.

हे हात कोणते? गावगाड्यात ढोराने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवावे, चांभाराने रापीने ते कापावे, आरीने टोचून चामड्याच्याच वादीने शिवावे, आणि वर्षाकाठी बलुत्याचे धान्य घ्यावे अशी रीत होती. ज्याने वहाण केली त्यालाच अनेक गावांत सवर्णांच्या आळीतून ती हातात घेऊन जावे लागे. यालालागच्या कारागिराला गरिबी आणि परकीयांची उपेक्षा ठाऊक आहे. परंतु कातड्याला हात लावल्याने माणूस विटाळतो हा सिद्धांत त्याच्या गावाने रचलेला नाही.

तो सिद्धांत मोडण्याचा एक थोर प्रयत्न या कानडी मुलखातच झाला. बाराव्या शतकात कल्याण येथे हरळय्या व त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी वहाणा केल्या, आणि बसवण्णांनी त्या पायात न घालता मस्तकी धरल्या, अशी कथा शरण परंपरा सांगते. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातील मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला. गिरीश कार्नाडांच्या 'तलेदंड' (१९९०) या नाटकाचा विषय हाच. वहाण मस्तकी धरणे समाजाने सोसले. वहाण करणाऱ्याशी सोयरीक मात्र सोसली नाही.

म्हैसूरचा दसरा जगप्रसिद्ध आहे. पण माझे मन आयुधपूजेच्या दिवशी गुंतते. आपल्या खंडेनवमीचाच हा सण. त्या दिवशी हेब्बाळच्या कारखान्यांतील यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, कोहळा फोडला जातो; आणि त्या वृद्धांच्या पेटीवर रापी, आरी व लोखंडी पाय हळदकुंकू लावून मांडलेले असतात. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हण मराठीने कुचेष्टेसाठी घडवली. तिथे मात्र ती सरळ अर्थाने खरी दिसते: ज्या साधनाने पोट भरते ते साधन पूज्य. म्हणीतले हीनत्व देवात नाही, खेटरातही नाही. ते म्हण उच्चारणाऱ्याच्या कानात आहे.

त्यांचा मुलगा वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने हा धंदा घ्यावा असे तुम्हाला वाटते का, असे मी विचारले. "बेडा, सर," ते म्हणाले. नको. या एका शब्दापुढे कला लोपत चालल्याची आपली हळहळ थबकावी, असे मला वाटते. जन्माने लादलेला धंदा टाकणे ही डॉ. आंबेडकरांनी दाखवलेली मुक्तीची वाट आहे. तिच्याआड येण्याचा अधिकार सौंदर्याच्या उपासकांना नाही. कला टिकावी असे वाटत असेल तर ती जातीने नव्हे, निवडीने करावीशी वाटेल इतके मोल आणि इतका मान तिला द्यावा लागेल.

मिलानकडून आपण श्रेय मागितले, ते योग्यच झाले. परंतु श्रेय प्रदेशाच्या नावाने मिळते आणि वहाण माणूस करतो. कंपनीचे ऋण कराराने फिटू शकेल. आपले ऋण मात्र भाषेत आहे, आळीत आहे, सोयरिकीत आहे. ते फेडण्यासाठी कुठल्याही परदेशी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही.