काठीचा गुळगुळीतपणा

हाताळलेल्या लाकडाला जो गुळगुळीतपणा येतो, तो दुकानात विकत मिळत नाही. स्वयंपाकघरातले जुने लाटणे किंवा झोपाळ्याच्या पाटाची कड पाहावी. त्यांवर रोगणाचा थेंबही उरलेला नसतो. तरी हात फिरवला तर तो कोठे अडत नाही. या यादीत आम्ही आणखी एक वस्तू घालू इच्छितो. ती फार घरांत आढळणार नाही; आमच्या घरी मात्र ती साठ वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. ती म्हणजे बिलियर्ड्‌स व स्नूकर खेळावयाची काठी, अर्थात क्यू.

जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबात ही काठी असावी, यात नवल नाही. स्नूकर हा खेळ मुळी याच गावचा. १८७५ साली येथल्या छावणीत, डेव्हनशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला, असे मानतात. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे. खेळाचे नियम १८८२ साली उटकमंडच्या क्लबात कायम झाले. तो सुचला त्या वेळी दिवस पावसाळ्याचे होते, असेही सांगतात. हे आम्हांस मोठे गमतीचे वाटते, कारण या काठीचा पहिला शत्रू पावसाळाच.

आमचे वडील, ज्यांना सारे नाना म्हणत, रेल्वेत नोकरीला होते. कचेरी सुटली की तास दीड तास ते इन्स्टिट्यूटमध्ये खेळत. त्यांची काठी अ‍ॅशच्या लाकडाची, मूठ काळ्याभोर आबनुसाची. खेळ संपला की ते खिशातून मऊ धुवट फडके काढीत आणि काठी टोकापासून मुठीपर्यंत पुसून काढीत. घरी जेवण खोळंबले आहे, आई वाट पाहत आहे, याने त्या पुसण्यात फरक पडत नसे. लहानपणी आम्हांस तो केवळ नानांचा नेमनिष्ठ स्वभाव वाटे. पुढे स्वतः खेळू लागलो, तेव्हा त्यातले शास्त्र उमगले.

खेळताना काठी डाव्या हाताच्या अंगठ्याशी केलेल्या खाचेतून पुढे-मागे सरकते. ती सरळ आणि एकाच वेगाने सरकली पाहिजे. मध्येच किंचित अडखळली, तरी टोक केसभर हलते आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाताना चेंडू चांगला बोटभर चुकतो. अडखळण्याची कारणे तीन: तळहाताचा घाम, हवेतली ओल आणि खडूची धूळ. हा खडू शाळेतला नव्हे. विल्यम स्पिंक्स या अमेरिकन खेळाडूने १८९७ साली ज्या खडूचे पेटंट घेतले, त्यात वाळूच्या जातीची कठीण पूड होती. आजचे खडूही त्याच वळणाचे. ती पूड घामात कालवली की दांड्यावर निळसर चिकट थर बसतो. काही जण त्यावर उपाय म्हणून हाताला पावडर फासतात. तीही त्याच लगद्यात जाऊन मिळते.

इन्स्टिट्यूटमध्ये एक वृद्ध मार्कर होते. टेबलाचे कापड इस्त्री करण्यापासून काठ्यांच्या देखभालीपर्यंत सारे त्यांच्याकडे. त्यांचा एक मंत्र होता : "बाबूजी, लकड़ी को नहलाओ मत, पोंछो." फडके ओले नको, फार तर पिळून काढलेले, आणि त्यामागोमाग लगेच कोरडे. मग कातड्याचा तुकडा दांड्याभोवती धरून, तळहाताला ऊब जाणवेपर्यंत तो झरझर फिरवावयाचा. ओलीने उभे राहिलेले लाकडाचे बारीक तंतू त्या दाबाने आणि उष्णतेने पुन्हा निजतात. पूलच्या काठ्या बहुधा मेपलच्या असतात. त्या लाकडाची छिद्रे अतिशय बारीक, म्हणून त्यांना एवढे पुरते. अ‍ॅशच्या रेषा मात्र उघड्या, खोलगट. त्यांना वर्षातून एखादे वेळी जवसाच्या तेलाचे बोट पुरे, आणि ते जिरल्यावर फडक्याने पुसून काढावे. खोबरेल चालणार नाही, कारण जवसाचे तेल हवेने सुकते, खोबरेल चिकटच राहते. आणखी एक सूचना घरच्या मंडळींसाठी : जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावे.

हे सारे सांगण्याचे निमित्त आमचा नातू. तो पूलपार्लरमध्ये खेळतो आणि बरा खेळतो. गेल्या पावसाळ्यात त्याने नानांची काठी हातात घेतली नि म्हणाला, "आजोबा, ही चिकटते आहे. पॉलिशपेपर मारून नवी करू या?" त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता. पॉलिशपेपरने काठी त्या दिवसापुरती सुरेख सरकतेही. पण आम्ही त्याच्यापुढे हिशेब मांडला. स्नूकरच्या काठीचे टोक जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीचे. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दहाचे साडेनऊ झाले, तर तेथला ताठपणा शेकडा अठराहून अधिक घटतो. दर पावसाळ्यात थोडे थोडे घासत गेले, तर काही वर्षांत काठी तीच राहील, पण तिचा ठोका तो राहणार नाही. काठीवर खोक पडली, तर तिच्यावर ओलसर कापूस ठेवला की दबलेले तंतू फुगून पुष्कळदा वर येतात. दबलेले लाकूड असे परत येते. घासून गेलेले येत नाही.

नातू ऐकत होता. मग त्याने विचारले, "पण पणजोबांनी कधीच घासली नाही?" आमच्या आठवणीत तरी कधी नाही. साठ वर्षांनंतरही ते टोक साडेनऊच्या वर भरते. त्याने स्वतः मोजून पाहिले. आम्ही त्याला एक जुने धोतर फाडून दिले आणि चामड्याचा तुकडा मोच्याकडून आणवला. अर्ध्या तासात फडके निळे झाले आणि काठी सुटली.

आता ती त्याच्याकडे असते. भिंतीला टेकवून ठेवू नये, तिला बाक येतो. उन्हात मोटारीत सोडू नये. खेळ संपताच पुसावी, या तीन अटींवर आम्ही ती दिली आहे. आमच्या हातांना आता कंप सुटला आहे, तेव्हा ती आमच्याकडे राहून काय उपयोग? परवा तो रात्री उशिरा घरी आला. सूनबाई जेवावयास हाका मारीत होत्या आणि हा ओसरीवर बसून काठी पुसत होता. सूनबाईंनी आमच्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिले. आम्ही वर्तमानपत्र वर केले.