शिक्क्यांचे वाचन

माझ्या बालपणी नगरच्या छावणीभोवतीच्या वस्त्यांतून इटलीच्या रणभूमीवरून परतलेल्या मराठा शिपायांच्या हकिगती मोठ्या आदराने सांगितल्या जात. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर जर्मन मशीनगनची ठाणी निकामी करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव आपल्याच जिल्ह्यातील निमजचे, या जाणिवेने आम्हां मुलांचा ऊर भरून येई. जर्मन अधिकाऱ्यांच्या कमरेच्या ल्यूगर पिस्तुलाचे नाव मी त्याच हकिगतींत प्रथम ऐकले.

पुढे जमाबंदीच्या दप्तरात नोकरी करताना फेरफाराची नोंद, शिक्का आणि खाडाखोड बारकाईने पाहण्याची जी दृष्टी आली, तिनेच मला त्या पिस्तुलाकडे पुन्हा वळविले. जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेले हे शस्त्र म्हणजे पोलादावर लिहिलेले दप्तरच होय: कोषावर निर्मितीचे वर्ष, सांध्यावर कारखान्याची मुद्रा, नळीवर व सांगाड्यावर पूर्ण क्रमांक, आणि लहानसहान भागांवर त्याच क्रमांकाचे अखेरचे दोन अंक. हे सारे जुळले, तरच पिस्तूल मूळ स्वरूपात राहिले असे जाणकार मानतात. म्हणून झिजलेले परंतु अस्सल पिस्तूल नव्याने झिलई दिलेल्या पिस्तुलाहून श्रेष्ठ ठरते, आणि ते योग्यच आहे. कारण झिलई देणारा हात पुरावाच पुसून टाकतो.

आपल्याकडे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास बाळगता येत नाही. दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या पुरातन शस्त्रास मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सवलत आहे. मी तिचाही लाभ घेतला नाही. माझा संग्रह ग्रंथांचा, छायाचित्रांचा आणि शिक्क्यांच्या हाताने काढलेल्या नकलांचा. शस्त्र हाती नसताना त्याचा इतिहास हाती येतो, एवढे समाधान मला पुरेसे वाटत आले आहे.

त्या नकलांत मला सर्वांत प्रिय आहे ती दुहेरी सालाची. पहिल्या महायुद्धाच्या ज्या वर्षांत जर्मन नागरिक आमच्या नगरातच नजरकैदेत दिवस कंठीत होते, त्यांतील १९१७ साल कोषावर कोरलेले. आणि त्याच्या वर, पराभूत जर्मनीचे सैन्य तहाने एक लक्षापुरते सीमित झाल्यावर, सरकारी मालमत्तेची खूण म्हणून ठोकलेले १९२०. साम्राज्य जाऊन प्रजासत्ताक आले, तरी पिस्तूल तेच राहिले आणि धनी तेवढा बदलला, हा फेरफार त्या चार अंकांत बिनचूक नोंदलेला आहे.