कडवीकाठची कडकी

तारीख 27. अकाउंटला 412 रुपये आणि एका मासिकाकडून यायचं मानधन 'प्रोसेसमध्ये'. फ्रीलान्सरच्या डिक्शनरीत याचा अर्थ, विसरा! अशा वेळी गोवा सुचत नाही, मामाचं गाव सुचतं. कोल्हापूर स्टँडवर मलकापूरची एसटी पकडली. (2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा असा उपयोग.)

वाघबीळ, बांबवडे मागे पडलं, शाहूवाडीचे डोंगर दिसायला लागले आणि मँडरिन शिकणाऱ्या मैत्रिणीचा मेसेज आला : 'छ्र थू'. शब्दशः, माती खाणं. 11 नोव्हेंबरच्या ऑनलाइन सेलमध्ये खिसा रिकामा झाला की चिनी पोरं म्हणतात, आता पुढचा महिना माती खायची. 2015 च्या सुमारास हे तिकडे जाम हिट झालं. आपल्याकडे माती खाल्ली म्हणजे घोळ घातला. तसा तोही घोळच म्हणा. दुसरा शब्द त्याहून गोड, 'युए-ग्वांग'. अर्थ चांदणं. पण 'युए' म्हणजे महिनाही आणि 'ग्वांग' म्हणजे सफाचटही. पगार महिन्यात सफाचट करणारी ती चांदण्याची जमात!

रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. मामा खूश. ''आमच्यात सरळ कडकी म्हंत्यात. पार ठणठण गोपाळ. खिशात खडकू न्हाई.'' तालुक्यातनं कडवी नदी वाहते, त्यामुळे 'कडवीला पाणी, आमाला कडकी' हा त्याचा जुनाच जोक.

मामी भाकरी थापता थापता म्हणाली, ''आन् ऊसबिल आलं न्हाई की चिनीत काय म्हंत्यात?''

मामा गप्प.

ऊस जानेवारीत तुटला. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. एप्रिल संपत आला. दुकानदाराच्या वहीत मामाच्या नावापुढे एकच शब्द, 'बिलावर'. साखर, चहापूड, खताची पोती, सगळं बिलावर. माझी कडकी एक तारखेला संपते, निदान संपायची आशा तरी असते. यांच्याकडे ऊसबिलाची तारीख कॅलेंडरात नाही. घर चालतं ते दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर, म्हणजे मामीच्या दोन म्हशींवर.

सकाळी निघताना मामीनं हातात 200 रुपये कोंबले. ''चेक यीपर्यंत असूं दे.'' चेकचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

नको नको म्हणाले. मग घेतले.